आज्याने हलगी सोडली, मी कन्सोलवर उभा राहिलो



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयात अभ्यासवर्ग होता. विषय होता महार वतन आणि बाबासाहेबांचं १९२८ चं विधेयक. वर्ग संपल्यावर चहा पिताना एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले, "बोलतोस चांगलं रे तू. पण तुझ्या आज्याने वाजवायचं सोडलं आणि तू परत वाजवायला लागलास. फरक काय पडला? तो पाटलाच्या वरातीत वाजवायचा, तू बिल्डरच्या पोराच्या पार्टीत वाजवतोस." सगळे हसले. मीही हसलो. ते अर्धं खरं आहे, म्हणून घरी आल्यावर झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात येरवड्याच्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, मला क्लबमध्ये डीजे व्हायचंय. घरचे म्हणतात हे आपलं काम नाही." दोघांनाही एकदमच उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय.

आम्ही मातंग. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं. आजा हलगी वाजवायचा. लग्न, वरात, जत्रा, कुस्त्यांचा फड, मयत, जिथं बोलावतील तिथं. बोलावतील म्हणायला बरं वाटतं. खरं तर सांगावा आला की निघायचं असायचं. हवा गार असली की हलगीचं चामडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून जाळ करून ती शेकावी लागते. वरात थांबली की बाकीचे मांडवात जेवायला जायचे आणि आजा बाहेर काटक्या पेटवून हलगी शेकत बसायचा. त्याचं जेवण सगळ्यात शेवटी आणि लांब. पैसे ठरलेले नसायचे. सुगीला धान्य मिळायचं, आणि वाजवताना कुणाची मर्जी झाली तर नाणी. ती हातात द्यायची नाहीत, वरून टाकायची, विटाळ होतो म्हणून. आजा ती मातीतून वेचायचा आणि वेचताना ताल चुकू द्यायचा नाही. हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. मला लहानपणी ऐकताना मजा वाटायची. आता वाटत नाही.

एकदा तो तापाने पडला होता आणि गावात मोठ्या घरचं लग्न. येता येणार नाही असा निरोप धाडला तर उलट सांगावा आला, पोराला पाठव. पोरगा म्हणजे माझे वडील, वय वर्षं नऊ. रात्रभर वाजवून पहाटे परत आले तेव्हा हात सुजले होते. त्या दिवशी आज्याने हलगी आढ्याला टांगली ती परत खाली काढली नाही. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला आणि घर पुण्याला ताडीवाला रोडला आलं. वडिलांनी नंतर धम्मदीक्षा घेतली. आज्याने नाही घेतली, तो शेवटपर्यंत मरीआईचं करत राहिला. पण हलगी सोडली ती त्याने, कुणाचंही भाषण न ऐकता.

आता वतनाकडे या. वतनदार महाराला दिवसा-रात्री कधीही, कुठल्याही कामाला बोलावता येत असे. कामाला वेळ नाही, मोबदल्याला माप नाही, आणि घरातला एक नसेल तर दुसऱ्याने जायचं. बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं ते या व्यवस्थेला हात घालण्यासाठी. तेव्हा ते मागे घ्यावं लागलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. अभ्यासवर्गात हे मीच सांगत होतो आणि सांगताना डोक्यात आज्याची हलगी वाजत होती. त्याची कला हलकी नव्हती. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, दर ठरवता येत नव्हता, आणि त्याच्या बदली त्याचं नऊ वर्षांचं पोर मागितलं गेलं. हलकेपणा तिथं होता.

तेव्हा त्या ज्येष्ठ मित्राचा प्रश्न मी असा मांडतो: मला नाही म्हणता येतं का? खरं उत्तर द्यायचं तर पहिली चार वर्षं येत नव्हतं.

मी या धंद्यात आलो तो मंडपवाल्या चुलत्याबरोबर केबल ओढत. बेस कुठं ठेवायचे, टॉप किती उंच बांधायचे, अँप्लिफायर तापला की काय करायचं, हे शिकलो. कोरेगाव पार्कातले क्लब आमच्या वस्तीपासून सायकलने दहा-पंधरा मिनिटांवर. पहिल्यांदा एका क्लबात वाजवायला गेलो तेव्हा पाठीवर बॅग बघून दारावरच्या माणसाने सांगितलं, डिलिव्हरी मागच्या दाराने. मी मागच्या दाराने गेलो. आत स्वयंपाकघरातून, भांडी घासणाऱ्या मावशींच्या बाजूने कन्सोलपर्यंत पोचलो. पुढे अनेक वर्षं मी त्याच दाराने जात राहिलो, पण तेव्हा माझ्या मर्जीने. क्लबमध्ये आपली माणसं कुठं असतात ते त्या दाराने कळतं. वेटर, बाउन्सर, बारमागची पोरं, साफसफाईवाले. नवीन डीजेला माझा पहिला सल्ला हाच: गेल्या गेल्या या सगळ्यांची नावं विचारून घ्या. रात्री एक वाजता कुणी दारू पिऊन कन्सोलवर चढला तर मालक धावून येत नाही, बाउन्सर येतो.

त्या पहिल्या क्लबाने सांगितलं होतं, सुरुवातीला पैसे नाहीत, तुझं नाव होईल, आणि येताना वीस मित्र घेऊन ये. मी वस्तीतली वीस पोरं कुठून आणणार? आणली असती तर दारावरच्याने आत सोडली असती का? तीन रात्री फुकट वाजवलं. चौथ्या रात्रीचे १५०० रुपये ठरले आणि ते चार महिन्यांनी मिळाले, तेही रोज फोन करून. मॅनेजर मला "भाऊ, तू तर घरचा माणूस" म्हणायचा. मित्रांनो, ज्या घरात तुम्हाला घरचा माणूस म्हणतात तिथं आधी पैशाचं बोला. गावातही म्हणायचे, तू आमच्या घरचाच वाजंत्री.

तर पैशाचं बोलू. करार म्हणजे स्टॅम्पपेपरच पाहिजे असं नाही. तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, किती रुपये, कोण देणार, कधी देणार, कार्यक्रम रद्द झाला तर किती, ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबवलं तर तासाला किती, एवढं एका मेसेजमध्ये लिहा आणि समोरच्याकडून "ओके" लिहून घ्या. निम्मे पैसे आधी. गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचे परवाने काढणं क्लबची जबाबदारी आहे, हेही त्यातच टाका. घरी परत यायची गाडी त्यातच टाका. मुलींनी तर ही ओळ लिहिल्याशिवाय होकारच देऊ नये. टीडीएस कापत असतील तर तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते बघा, कारण कापून खिशात घालणारेही भेटलेत. आणि उद्यम नोंदणी करा. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून तुमची नोंद असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत. अडवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. मी एकदाच नोटिशीचा मसुदा करून एका मालकाला दाखवला होता. पाठवायची वेळ आली नाही, आठवड्यात पैसे जमा झाले.

पण हे एकट्याने करायला गेलात तर पुढच्या महिन्यात तुमच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून आम्ही आठ जणांनी ठरवलं की एकाचे पैसे कुणी बुडवले तर बाकीचे सात तिथं पूर्ण पैसे आधी घेतल्याशिवाय वाजवणार नाहीत. आठात आपले तिघेच आहेत. एक ख्रिश्चन, दोन मुसलमान, एक मारवाडी, एक सदाशिव पेठेतला ब्राह्मण पोरगा. पैसे सगळ्यांचेच बुडतात. स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या बाबासाहेबांचं नाव आपण घेतो आणि आपापल्या धंद्यात मात्र एकेकटे मरतो, हे मला कळत नाही.

कामाचंही थोडं सांगतो, नाहीतर येरवड्याचं पोर म्हणेल दादा नुसतं भाषण देतो. कर्ज काढून मोठं मशीन घेऊ नका. जुना दोन चॅनेलचा कंट्रोलर आणि साधा लॅपटॉप वर्षभर पुरतो. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारचे बत्तीस ठोके, आणि क्लबच्या बहुतेक गाण्यांत बदल या बत्तीसच्या हिशोबाने येतो. आधी मशीनला हात न लावता नुसतं मोजायला शिका. ज्याच्या घरात हलगी किंवा ढोलकी वाजलीय त्याला हे मोजणं शिकवावं लागत नाही, अंगात असतं. सिंकचं बटण दाबायला लाज वाटून घेऊ नका, पण कानाने जुळवता आलंच पाहिजे. मशीनने ठोके चुकीचे मोजले असतील तर ते बटण भर गर्दीत फजिती करतं. पेनड्राइव्ह दोन ठेवा, दोन्हीत तीच गाणी, दोन्ही फॅट ३२ मध्ये, कारण ते क्लबमधली जुनी मशीनही वाचतात. मिक्सरवरचा लाल दिवा म्हणजे जोर नव्हे, आवाज फाटतोय. सुरुवातीची वेळ मिळाली तर त्या रात्रीची हुकमाची गाणी वाजवू नका, ती मागून येणाऱ्याची असतात. नऊ वाजता रिकाम्या फ्लोअरवर लोकांना बसून बोलू देणारं संगीत वाजवणं हे सगळ्यात अवघड काम आहे आणि त्याला टाळ्या नसतात. फर्माईश घेऊन कुणी मोबाइल डोळ्यांसमोर नाचवला तर "बघतो" म्हणायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं. प्यायलेल्या माणसाशी वाद घालणाऱ्याचा मिक्स चुकतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाकडच्या एका चुलत्याकडून मी हलगी रेकॉर्ड करून आणली. तिचा तुकडा १२४ बीपीएमच्या एका हाऊस ट्रॅकवर बसवला आणि एका मंगळवारी, गर्दी कमी असताना, वाजवला. बारमागचा पोरगा ग्लास पुसता पुसता थांबला. दारावरचा बाउन्सर आत डोकावून गेला. रात्री मागच्या दारात भेटला तेव्हा हळूच म्हणाला, "जय भीम दादा. गाव कुठलं?" दोन वर्षं आम्ही एकमेकांना रोज बघत होतो आणि तोपर्यंत हा शब्द निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सांगितलं, "ते वरातीचं लोकल नको. आपला क्राउड क्लासी आहे."

आता हे क्लासी संगीत आलं कुठून ते बघा. हाऊस हे नाव शिकागोतल्या 'द वेअरहाऊस' या क्लबावरून पडलं असं मानतात. तिथं १९७७ पासून फ्रँकी नकल्स नावाचा काळा डीजे वाजवायचा, आणि नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी लोक, ज्यांना दुसरीकडे मोकळेपणाने नाचता येत नव्हतं. त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ ला कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना होऊ शकला नाही. तो राग नुसत्या गाण्यांवरचा नव्हता, असं तेव्हाच्या काळ्या आणि समलिंगी लोकांनी पुढे वारंवार सांगितलं. टेक्नो घडवणारे हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावात एकत्र शिकलेले तीन काळे तरुण. हिपहॉपची सुरुवात सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३ ची, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, एका इमारतीच्या सामाईक हॉलमध्ये जमैकातून आलेल्या कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत वाजवलं तेव्हाची. त्याच्या आदल्या वर्षी इकडे मुंबईत आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर काढली होती. आणि त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि आपल्या प्रश्नातलं साम्य मांडलं होतं. कोरेगाव पार्कात जे संगीत "क्लासी" म्हणून वाजतं ते तिकडच्या वस्तीचं आहे. मॅनेजरला मी यातलं काहीही सांगितलं नाही. माझे दोन महिन्यांचे पैसे त्याच्याकडे अडकले होते.

गंमत म्हणजे तीन वर्षांनी देसी बीटची चलती आली आणि त्याच माणसाचा फोन आला, "तुझी ती हलगीवाली चीज पाहिजे." मी दर दुप्पट सांगितला. त्याने दिला. त्यातला हिस्सा चुलत्याला पाठवला, कारण हात त्याचे होते. दुसऱ्याची हलगी, दुसऱ्याचा गळा उचलून आपल्या नावावर खपवणारे डीजे आपल्यातही आहेत, तेही एकदा बोललं पाहिजे.

नावाचं. क्लबमध्ये सगळेच टोपणनाव घेतात, त्यामुळे माझ्या इंग्रजी टोपणनावात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सहा वर्षं मी त्या नावामागे आरामात राहिलो. पण बिलावर पॅनवरचं नाव लागतं. एका ठिकाणी हिशेबनीस बाईंनी बिल बघून विचारलं, "म्हणजे तुम्ही कोण?" मी म्हटलं, डीजे. "नाही हो, म्हणजे..." मी म्हटलं, मातंग, बौद्ध. त्या म्हणाल्या, "तसं काही नाही, सहज विचारलं." सहजच विचारतात. तेव्हापासून पोस्टरवर टोपणनावाखाली आडनावासकट पूर्ण नाव छापा असं मी सांगतो. दोन ठिकाणची कामं गेली. आडनावामुळे गेली की दुसऱ्या कशामुळे, हे सिद्ध करता येत नाही. ज्याला आज भाडं भरायचंय त्याने टोपणनाव ठेवलं तर मी त्याला भेकड म्हणणार नाही. मी सहा वर्षं तेच केलंय.

आता ती रात्र. कुणाचा तरी तिसावा वाढदिवस, अख्खा क्लब बुक. बाराच्या सुमारास एक पाहुणा कन्सोलसमोर आला, गाणं मागितलं. मी "बघतो" म्हणालो. त्याने खिशातून पाचशेच्या नोटा काढल्या आणि एकेक करून वरून सोडायला लागला. कन्सोलवर, मिक्सरवर, माझ्या हातांवर. दोन खाली पडल्या. मित्र व्हिडिओ काढत होते. त्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. लग्नात नोटा उडवतात तशा उडवत होता. पण मला एकदम मातीतली नाणी दिसली, आणि ताल न चुकवता वाकणारा आजा दिसला.

मी गाणं चालू ठेवलं. नोटा गोळा केल्या, खाली वाकून ते दोन कागदही उचलले, सरळ केल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या. म्हटलं, "सर, द्यायचे असतील तर हातात द्या. नाहीतर नको." गाण्याच्या आवाजात त्याला नीट ऐकू गेलं नसेल. तो गोंधळला, मग चिडला, मग मॅनेजर आला. मॅनेजर म्हणाला, गेस्टचा अपमान केलास. मी म्हटलं, माझे निम्मे पैसे आधीच मिळालेत, उरलेले बुडवायचे तर बुडवा, मी दीड वाजेपर्यंतचं काम पूर्ण करून जातो. दीडपर्यंत वाजवलं. उरलेले पैसे मिळाले, पण त्या क्लबातून परत बोलावणं आलं नाही. अॅडव्हान्स खात्यात नसता तर मी हे बोलू शकलो असतो का? बहुतेक नाही. म्हणून वर पैशाचं इतकं लांबण लावलं.

राहिला दारूचा प्रश्न, आणि इथं मी अडखळतो. मी पीत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. हातात लिंबूसोडा असतो आणि पाजणाऱ्यांना तो काहीतरी भारी वाटतो. पण माझी मजुरी निघते दारूच्या बिलातून. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार बुद्धांनी सांगितले, त्यात मद्याचा व्यापार आहे. मी विकत नाही, पण मी वाजवतो म्हणून ती जास्त खपते. "हॉटेलातला वेटरही तेच करतो, त्याला कोण विचारतं" असं म्हणून मी सुटका करून घेऊ शकतो, आणि कधीकधी घेतोही. माझ्या सोबतच्या दोन चांगल्या डीजेंची आयुष्यं याच दारूने नासली. रोज रात्री फुकट समोर येते, नाही म्हणायला कारण लागतं. ज्याच्या घरात आधीच कुणी पिणारं आहे त्या पोराला मी क्लबमध्ये आणत नाही, लग्नाच्या साउंडवर पाठवतो. तिथंही असतेच म्हणा. या प्रश्नाचं माझ्याकडे समाधान होईल असं उत्तर नाही, आणि त्या ज्येष्ठ मित्राने या बाजूने धरलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

आणि कान. माझ्या डाव्या कानात गेली पाच वर्षं बारीक शिट्टी वाजते, झोपताना जास्त. हेडफोन मी त्याच कानाला लावायचो. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० ला पंधरा मिनिटं. क्लबमध्ये कन्सोलवर १०० सहज असतो आणि आपण चार-पाच तास उभे. संगीतवाल्यांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते पहिल्या पगारातून घ्या, बुटांच्या आधी. कापसाचे बोळे चालत नाहीत.

हाच हिशोब मी जयंतीच्या मिरवणुकीत मांडतो तेव्हा आपले लोक माझ्यावर चिडतात. "गणपतीत दहा दिवस चालतं ते दिसत नाही, आमच्या एका रात्रीत सगळ्यांचे कान दुखतात." खरं आहे. आपल्या जयंतीवर अग्रलेख लिहिणारे बाकीच्या मिरवणुकांच्या वेळी गप्प असतात, हा जातीचाच प्रकार आहे आणि तो तसाच नाव घेऊन सांगितला पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, सगळ्यांना सारखे आहेत. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, वर्षातले १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सूट देता येते. आपल्या जिल्ह्याच्या सुटीच्या यादीत जयंतीचा दिवस आहे का, हे मंडळाने आधीच कलेक्टर ऑफिसातून लेखी घ्यावं, म्हणजे रात्री दहाला पोलिसांशी हुज्जत घालावी लागत नाही.

पण डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचतं कोण? आपलीच लेकरं. पहिल्या मजल्यावर खाटेला खिळलेली म्हातारी कुणाची? आपलीच. कानाचा पडदा जात बघत नाही. मी साउंडवाला आहे, मला माहीत आहे की बेसच्या सहा-सहा पेट्या लावून गाण्याचे शब्दच ऐकू येत नाहीत. मग भीमगीत लावलं काय आणि दुसरं काही लावलं काय? ज्या गायकांनी शब्द पोचावेत म्हणून गावोगाव कंदिलाच्या उजेडात गायलं, त्यांची गाणी आपण शब्द पुसून वाजवतो. दोन वर्षं झाली, वस्तीतली मिरवणूक मी वाजवतो. चार टॉप, दोन बेस, आवाज गळ्याचा, लेझर नाही. पहिल्या वर्षी पोरं म्हणाली, जीव नाही यात. दुसऱ्या वर्षी एक मावशी खिडकीतून ओरडली, "ते गाणं परत लाव," आणि अख्खी गल्ली गायला लागली. पोरं अजूनही कुरकुरतात. शेजारच्या मंडळाची भिंत मोठी असते ना.

१४ एप्रिलला मी क्लबचं काम घेत नाही. गेल्या वर्षी त्या रात्रीचे नेहमीच्या तिप्पट पैसे देऊ केले होते एकाने. मी नाही म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिप्पट म्हणजे किती याचा हिशोब करत बसलो होतो.

येरवड्याच्या मित्रा, घरच्यांना हे वाचायला दे. तुझे वडील काय म्हणतात ते मला सांग, त्यांच्याशी मी बोलेन. माझा जुना कंट्रोलर वाचनालयाच्या वरच्या खोलीत ठेवलाय. सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ. मुली आल्या तर आधी त्यांचा नंबर, कारण त्यांना आठच्या आत घरी पोचायचं असतं. पैसे नाहीत. येताना स्वतःचा हेडफोन आण, माझा मी कुणाला देत नाही. पहिले दोन आठवडे मशीनला हात लावायचा नाही, नुसतं बत्तीसपर्यंत मोजायचं.